आपला आज्ञाधारक सेवक

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत सात-बाऱ्याची दुरुस्ती असो कीं पाटपाण्याची तक्रार असो, पुष्कळ अर्जांच्या तळाशीं अजूनहि 'आपला आज्ञाधारक' अशी सही आढळते. 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' ह्या जुन्या इंग्रजी वाक्प्रचाराचें हें भाषांतर होय. आणि मुळांत त्याचा अर्थ काय होता हें पाहिलें म्हणजे आमच्या अर्जदारांची कीव येते.

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत हा केवळ शिष्टाचार होता. बरोबरीचे गृहस्थहि एकमेकांस असेंच लिहीत. १७५५ सालचें डॉक्टर जॉन्सन ह्यांचें लॉर्ड चेस्टरफील्ड ह्यांस लिहिलेलें पत्र घ्या. इंग्रजी कोशाचें काम हातीं घेतलें तेव्हां ह्या निर्धन विद्वानास लॉर्डसाहेबांच्या बाहेरच्या दालनांत ताटकळावें लागलें. पुढें सात वर्षांनीं कोश पुरा होत आल्यावर साहेबांनीं त्याची जाहीर स्तुति आरंभिली! जॉन्सननें उत्तरांत ह्या आश्रयदात्याची सालडी सोलली, आणि अखेरीस सही केली ती 'आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक' अशी. 'सेवक' शब्द तेथें चाबकासारखा वाजतो. अमेरिकेंत १८०४ सालीं हॅमिल्टन व बर ह्यांनीं द्वंद्वयुद्धापूर्वीं एकमेकांस पत्रें लिहिलीं, त्यांवरहि हाच शिक्का आहे; त्या द्वंद्वांत हॅमिल्टन प्राणास मुकला.

असा हा झिजलेला शिक्का इंग्रजी अंमलाबरोबर आमच्याकडे आला. १८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला, १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि जो साहेबाचा उपचार होता तो रयतेचा करारनामा होऊन बसला. पूर्वीं आमच्यांत नम्रता नव्हती असें नव्हे. चाकर धन्यास 'सेवक' म्हणूनच विज्ञापना करी. पण तो खरोखर चाकर असे, आणि बरोबरीच्यास लिहितांना मायना बदले. 'बहुत काय लिहिणें, आपण सुज्ञ असा' ह्या शेवटांत भार वाचणाराच्या शहाणपणावर आहे. (व्यापारी मंडळींचा 'आपला विश्वासू' हाहि इंग्रजींतूनच आला, पण पेढीची पत त्याच गुणावर चालते, म्हणून त्यास आमची हरकत नाहीं.)

दक्षिण आफ्रिकेंत बॅरिस्टर गांधी सरकारास लिहितांना हाच आज्ञाधारक शेवट वापरीत. २ मार्च १९३० रोजीं, मिठाच्या सत्याग्रहापूर्वीं, त्यांनीं व्हाइसरॉयास लिहिलें तेव्हां आरंभीं 'प्रिय मित्र' होतें आणि अखेरीस 'आपला सच्चा मित्र'. शिष्टाचार राहिला, सेवकपद गेलें.

कायद्याची भाषा तर उलटीच आहे. १८६० च्या दंडसंहितेनें सरकारी अधिकाऱ्यासच लोकसेवक म्हटलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि ती संज्ञा कायम आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क ठरविला. मग टेबलाच्या कोणत्या बाजूस सेवक बसला आहे?

कोणी म्हणेल, दोन शब्दांनीं काय बिघडतें? वकिलीच्या धंद्यांत आम्ही पाहतों कीं, आज्ञाधारक म्हणून सही करणारा पुष्कळदां पोंच मागावयास कचरतो, आणि मुदत उलटली तरी अपील करीत नाहीं. 'अर्जदार' एवढें लिहून खालीं नांव घातल्यानें कोणाचाहि अवमान होत नाहीं. कचेऱ्यांबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या मंडळींनीं आपल्या संगणकांतील नमुन्यांतून ही ओळ काढावी, व तिच्या जागीं पोंच मिळाल्याच्या तारखेचा रकाना ठेवावा.