काळोखातील स्तोत्र

पवित्र सप्ताहातील एका जुन्या उपासनेचे नावच मुळी ‘काळोख’ असे आहे. लॅटिन भाषेत तिला ‘टेनेब्रे’ म्हणतात. वेदीसमोर त्रिकोणी दीपाधारावर पंधरा मेणबत्त्या तेवत असत. एक स्तोत्र गाऊन झाले की एक ज्योत मालविली जाई. चौदा ज्योती अशा विझल्या की जखऱ्याचे गीत सुरू होई, आणि ते चालू असता वेदीवरील सहा मेणबत्त्याही एकेक करून शांत होत. पंधरावी तेवढी न विझविता वेदीमागे लपवीत. मग त्या अंधारात दाविदाचे पश्चात्तापाचे स्तोत्र, ‘मिझेरेरे’, ऐकू येई.

रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये या स्तोत्रासाठी ग्रेगोरिओ अल्लेग्री याने सतराव्या शतकात बांधलेली चाल गात असत. दोन गायकवृंद, एकंदर नऊ स्वर, आणि वाद्य एकही नाही. 1770 च्या पवित्र सप्ताहात चौदा वर्षांच्या मोझार्टने ती ऐकली आणि स्मरणाने कागदावर उतरविली. त्याच्या वडिलांनी घरी पत्र लिहून ही वार्ता कळविली. पण रचनेपेक्षा ती गाण्याची रीतच अधिक परिणाम करते, असेही त्यांनी त्याच पत्रात नमूद केले.

इंग्रज संगीतज्ञ चार्ल्स बर्नी यानेही अशीच एक हकिकत लिहून ठेवली आहे. सम्राट पहिला लिओपोल्ड याने रोमहून या चालीची प्रत मागविली आणि व्हिएन्नात ती गाववून घेतली. गाणे इतके साधे वाटले की, आपणास भलतीच प्रत पाठविली, असा त्यास संशय आला. प्रत मात्र खरी होती. बर्नीच्या मते, त्या चालीची कीर्ती गायकांच्या परंपरागत शैलीवर आणि एकामागून एक विझत जाणाऱ्या दिव्यांवरही अवलंबून होती.

वाचकहो, अंधार असे काय करतो? कान तर तेच असतात. पण उजेडात आपले अर्धे मन डोळ्यांच्या स्वाधीन असते: गायक कोण, कोणी काय नेसले आहे, कोण उशिरा आले. दिवे मावळू लागले की हे पाहणे हळूहळू सुटते आणि मन एका सुरावर स्थिरावते. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. काळोखात आपणही कोणास दिसत नाही. पश्चात्तापाचे स्तोत्र ऐकताना डोळे भरून आले, तर ते शेजाऱ्यापासून लपवावे लागत नाहीत.

1955 साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली. आदल्या सायंकाळी होणारी ही उपासना बहुतेक ठिकाणी पुन्हा सकाळच्या वेळेस गेली, आणि तिचा काळोख सरला. तरी पास्काच्या जागरणाचा अंधार आपल्यापाशी अजून आहे. पास्काची मेणबत्ती काळोख्या चर्चमध्ये येते, ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ ही घोषणा तीनदा गाइली जाते, आणि तिसऱ्या घोषणेनंतरच दिवे लावावयाचे असतात. परंतु कित्येकदा पहिल्या घोषणेआधीच कोणाचा तरी मोबाइल उजळतो, नाही तर बटणापाशी उभ्या असलेल्याचा धीर सुटतो. मग तो एकटा आवाज ऐकू येतो खरा, पण अंतःकरणापर्यंत पोचत नाही.

आमची विनंती लहानशी आहे. त्या रात्री तेवढा अंधार राखा. आणि घरीही प्रायश्चित्तकाळात आठवड्यातून एकदा ट्यूबलाइट मालवून, एका मेणबत्तीच्या उजेडात रोझरी म्हणा. शेवटी फुंकर घालून एखादे गायन काळोखातच गा. मुले प्रथम हसतील, कदाचित भितीलही. आजीने सूर धरला की गप्प होतील. वीज गेली म्हणून गाइलेले गायन निराळे आणि आपण होऊन दिवा मालवून गाइलेले निराळे, हे त्यांस कोणी समजावून सांगावे लागणार नाही.