रात्री तीनची ट्रेन कोण चालवतं?

न्यूयॉर्कला जाऊन आलेला आपला प्रत्येक माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. तिथली सबवे रात्रभर चालते! खरं आहे. १९०४ पासूनची ही रेल्वे, कोविडच्या काळात मे २०२० ते मे २०२१ रात्री काही तास बंद ठेवली होती, तो मोठा खंड सोडला तर तिचा हा रतीब रोजचा. रविवारी पहाटे तीनला तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे राहा, गाडी येणार. उशिरा येईल, पण येणार.

कौतुक करायला हरकत नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा राहून जातो. पहाटे तीनच्या त्या गाडीवर नेमकी कोणाची ड्युटी लागते?

बहुतेक वेळा सगळ्यात नव्या माणसाची.

व्यवस्था समजून घ्या. न्यूयॉर्कच्या बहुतेक गाड्यांवर दोन माणसं असतात. पुढे ट्रेन ऑपरेटर, म्हणजे आपला मोटरमन. आणि गाडीच्या मध्यावर कंडक्टर, जो दारं उघडतो-बंद करतो, घोषणा करतो आणि गाडी सुटताना खिडकीतून डोकं बाहेर काढून प्लॅटफॉर्म बघतो. (प्रत्येक स्टेशनवर मध्यभागी काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक पाटी टांगलेली असते. दारं उघडण्याआधी कंडक्टरने तिच्याकडे बोट दाखवायचंच, असा नियम. गाडी जागेवर थांबली आहे आणि हा माणूस जागा आहे, याचा तो पुरावा.)

आता कोणी कुठली गाडी, कुठल्या वेळी, कुठल्या सुट्टीसह चालवायची हे ठरतं ‘पिक’मधून. शेतातलं पीक नव्हे, निवड. ठराविक काळाने सगळ्या ड्युट्यांची यादी लागते आणि सर्वात ज्येष्ठ माणूस पहिला निवडतो. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. सकाळची पाळी, शनिवार-रविवार सुट्टी, घराजवळून सुटणारी गाडी, असं सगळं गोड गोड वरच्या वर संपतं. रात्रीची पाळी मुद्दाम मागून घेणारे जुने लोकही असतात, ते मान्य. गर्दी नाही, रात्रपाळीचा जादा भत्ता, दिवस मोकळा. पण त्यांनी ती निवडलेली असते. खालच्याला उरलेलं घ्यावं लागतं.

आणि अगदी खालच्याला उरलेलंही मिळत नाही. तो जातो ‘एक्स्ट्रा लिस्ट’वर. कोणी आजारी पडलं, कोणी रजेवर गेलं, कोणाचं प्रशिक्षण आलं, की त्याच्या जागी हा. आज दुपारची पाळी, परवा पहाटेची. आज ब्रॉन्क्स, उद्या ब्रुकलिनचं टोक. आठवड्याची सुट्टी मंगळवार-बुधवार. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, आईची डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं त्या कोणाच्या तरी आजारपणावर अवलंबून. ख्रिसमस, थँक्सगिव्हिंग, आपल्याकडच्या मुलाचा गणपती असो की बांगलादेशी सहकाऱ्याची ईद, विचारूच नका.

गंमत पुढे आहे. ज्येष्ठता मोजतात ती त्या त्या पदातली. दहा वर्षं कंडक्टर म्हणून काढली, रविवारची सुट्टी एकदाची हाती लागली, आणि मग परीक्षा देऊन तुम्ही ट्रेन ऑपरेटर झालात की पुन्हा यादीच्या तळाशी. पगार वर, माणूस खाली. बढती नको म्हणणारे लोक आळशी असतात असं वाटणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

यावर आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘बघा, युनियनबाजी! म्हाताऱ्यांची चैन, तरुणांची पिळवणूक. गुणवत्तेवर द्या ना ड्युट्या.’

इथे माझं म्हणणं उलट आहे. सीनियॉरिटीला शिव्या घालण्याआधी ती का आली ते बघा. ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियन १९३४ मध्ये उभी राहिली, आयर्लंडहून आलेला माइक क्विल तिचा पुढारी. तेव्हा सबवेचा मोठा भाग खासगी कंपन्यांच्या ताब्यात होता. नव्या ‘एक्स्ट्रा’ माणसाने रोज डेपोत येऊन बसायचं आणि साहेब बोलावतो का याची वाट बघायची. बोलावलं तर काम, नाही तर बसल्याचे पैसे शून्य. कोणाला बोलवायचं ते साहेबाच्या मर्जीवर. मर्जी कशी सांभाळतात हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. एसटीच्या डेपोत मुक्कामी गाडी कोणाच्या माथी आणि शहरातली सोपी ड्युटी कोणाच्या खिशात, या विषयावर कुठल्याही जुन्या कंडक्टरला तासभर बोलतं करता येतं.

ज्येष्ठतेचा नियम या मर्जीवरचा उतारा आहे. तारीख ही एकच गोष्ट अशी आहे की जिला वशिला लावता येत नाही. रुजू झालात तो दिवस साहेबाला बदलता येत नाही, जात-वर्ण-भाषा बघून मागेपुढे करता येत नाही. स्थलांतरितांनी भरलेल्या शहरात हे थोडंथोडकं नाही. ‘गुणवत्ता’ म्हणजे काय, ती कोण मोजणार? दारं वेळेवर उघडण्यात कोण कोणापेक्षा गुणवान?

तेव्हा रांग राहू दे. माझा वाद रांगेशी नाही, रांगेच्या शेवटी जमीनच नाही, याच्याशी आहे.

‘थांबा, तुमचीही पाळी येईल’ हे वचन तेव्हाच खरं ठरतं जेव्हा तुमच्या मागे माणसं येत राहतात. भरती थांबली की रांग गोठते. २०२० मध्ये नेमकं हेच झालं. कोविडने कर्मचारी गेले, अनेक निवृत्त झाले, आणि पैसा नाही म्हणून नवी भरती बंद. २०२१ मध्ये माणसं नाहीत म्हणून फेऱ्या रद्द होत होत्या, शेवटी निवृत्त झालेल्यांनाच परत या म्हणून विनवावं लागलं. त्या काळात तळाशी असलेला माणूस तळाशीच राहिला, आणि रिकाम्या जागा भरायच्या तर बोलावणं त्याच्याच एक्स्ट्रा लिस्टवर. त्याने काही चूक केली होती का? नाही. तो फक्त चुकीच्या वर्षी रुजू झाला होता.

इथपर्यंत हा त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा प्रश्न वाटेल. आता तुमचा-माझा, म्हणजे डब्यात बसणाऱ्याचा प्रश्न.

२४ मार्च २०१४, शिकागो. पहाटे तीनला दहा मिनिटं कमी. ओहेअर विमानतळाच्या स्टेशनात ब्लू लाइनची गाडी शेवटच्या टोकाला थांबलीच नाही. अडथळा ओलांडून ती थेट सरकत्या जिन्यावर चढली. जिना रिकामा होता म्हणून कोणी मेलं नाही, तीसहून अधिक लोक जखमी झाले. चालक महिलेला झोप लागली होती. ती गाडी चालवायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. ठरलेली पाळी नव्हती, इतरांच्या जागी बदली म्हणून वेळी-अवेळी काम करायची. फेब्रुवारीतही एकदा डुलकी लागून तिची गाडी स्टेशनात पुढे गेली होती.

अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने (एनटीएसबी) तिच्यावर ठपका ठेवला, मोकळ्या वेळात पुरेशी झोप घेतली नाही म्हणून. पण तिथेच न थांबता तिचं वेळापत्रक नीट न आखल्याबद्दल शिकागोच्या परिवहन संस्थेलाही जबाबदार धरलं. आणि संस्थेने काय केलं बघा. सीनियॉरिटी मोडली नाही. दोन ड्युट्यांमधली किमान विश्रांती आठ तासांवरून दहावर नेली. सात दिवसांत एक सुट्टी सक्तीची केली. आणि ज्याला वर्ष पूर्ण झालेलं नाही त्याने आठवड्याला ३२ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, असं ठरवलं. रांगेच्या टोकाला एक फरशी बसवली, इतकंच. हे अपघाताआधी करायला कोणाची हरकत होती?

विश्रांतीचे तास वाढवले की भागतं असंही नाही. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्याच मेट्रो-नॉर्थ या उपनगरी रेल्वेची गाडी स्पायटन डायव्हिलच्या वळणावर ताशी ८२ मैलांनी गेली. मर्यादा होती ३०. चार जण गेले. चालकाला झोपेचा आजार होता, निदान झालेलं नव्हतं, आणि दोनच आठवड्यांपूर्वी तो दुपार-संध्याकाळच्या पाळीवरून पहाटेच्या पाळीवर आला होता. चौकशीत या पाळीबदलाचाही उल्लेख कारणांमध्ये आहे. एका बदलाने शरीराचं घड्याळ इतकं बिघडू शकतं, तर एक्स्ट्रा लिस्टवरच्या माणसाचं ते दर आठवड्याला बिघडतं.

शिवाय मेट्रो-नॉर्थसारख्या रेल्वेला कामाच्या तासांचा केंद्रीय कायदा तरी लागू आहे. सबवेला तो लागू नाही. तिथे जे काही असेल ते प्रशासन आणि युनियन यांच्या करारात. आणि करार करायला बसणारे कोण? वीस-पंचवीस वर्षं झालेले. नवा माणूस पहिलं वर्ष प्रोबेशनवर, तोंड उघडण्याची सोय नाही. प्रशासनालाही हे फार सोयीचं आहे. वाईट पाळी कोणाला द्यायची हा निर्णयच घ्यावा लागत नाही, नियम देतो. जास्त माणसं ठेवून पाळ्या सुसह्या करण्याचा खर्च वाचतो, आणि राग जातो सीनियरवर. पुढारी मंडळींनीही हे ओळखलेलं नाही असं मला वाटत नाही. त्यांनी स्वतः हे सोसलेलं असतं, आणि ‘आम्ही नाही का काढली ती वर्षं?’ हे उत्तर तयार असतं. सासूने सुनेला द्यायचं तेच.

मागण्या फार मोठ्या नाहीत. एक्स्ट्रा लिस्टवरच्याला निदान आठवड्याची पाळी एकाच वेळेच्या आसपासची मिळावी. पुढच्या आठवड्याचं आधी कळावं, ऐन वेळी बदललं तर त्याचे जादा पैसे. पहाटे ड्युटी संपवलेल्याला त्याच संध्याकाळी परत बोलवू नये. शनिवार किंवा रविवार यांपैकी एक सुट्टी असलेल्या थोड्या ड्युट्या पहिल्या पाच वर्षांतल्या लोकांसाठी बाजूला काढाव्यात. यातल्या शेवटच्या मागणीवर जुने लोक भांडतील आणि त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नसेल. बाकीच्यांमध्ये त्यांचं काहीच जात नाही, प्रशासनाचे पैसे जातात.

आता हे मी मराठीत का लिहितोय? मुंबईची भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागली आहे. ती रात्री बंद होते, पण पहाटेची पहिली गाडी सुटायची तर कोणीतरी त्याच्या कितीतरी आधी उठून डेपोत पोचतोच, आणि शेवटची गाडी लावून कोणीतरी मध्यरात्रीनंतरच घरी जातो. नव्या मार्गावर अजून कोणी कोणापेक्षा वीस वर्षं सीनियर नाही, म्हणून ज्याची चैन जाईल असा कोणी विरोधकही नाही. रात्री उशिरा सुटलेल्याला दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत बोलवायचं नाही, हा आकडा आत्ता लिहून जाहीर करायला फक्त एक परिपत्रक लागेल.