आधी दार मोजा

मृग लागला की नागपूरच्या घराघरांत एकच प्रश्न पडतो, हा कूलर आता ठेवायचा कुठे? ताट्या माळ्यावर, पंप पिशवीत, पेटी अंगणात टिनाखाली, असे करून आपण निभावतो. आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत मात्र यंदा प्रश्न कूलरचा नव्हता, विमानाच्या पंखांचा होता.

शेजारची मुलगी पॉलिटेक्निकला आहे. ती आणि तिच्या वर्गातली तीन मुले रिमोटवर उडणारे, बारा फूट पंखांचे विमान बनवीत आहेत. मुले भाड्याच्या खोलीत राहतात, म्हणून सामान हिच्या घरी. घर दोन खोल्यांचे, माणसे पाच. सहा-सहा फुटांचे दोन पंख दिवाणावर आणि आजोबा खाली सतरंजीवर! वडिलांनी कबाडीवाल्याला भावही विचारून ठेवला होता. "तुम्ही जरा समजावून सांगा तिला," म्हणून त्यांनी आम्हाला नेले. खरे सांगायचे तर आम्ही वडिलांच्याच बाजूने गेलो होतो.

मुलीने वाद घातला नाही. कॅप्टन अमोल यादव यांच्यावरचे एक कात्रण पुढे केले. या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, आपल्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ, वेल्डिंग मशीन आणि १८० किलोचे इंजिन अरुंद जिन्याने वर चढवले. सहा वर्षे काम गच्चीवरच चालले. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी विमान सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला. जागा नाही म्हणून त्यांनीही भाव विचारला असता तर?

राइट बंधूंचे तर आणखी गमतीचे. सायकलच्या दुकानात मागच्या खोलीत त्यांचे काम चाले. पंखाचा मधला भाग जोडल्यावर दोन खोल्यांमधली वाटच बंद झाली. गिऱ्हाईक आले की बाजूच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून पुढे जावे लागे. चाळीस फुटी पंखांचे ते अख्खे विमान दुकानात कधी जोडलेच नाही. भाग पेट्यांत भरून किटी हॉकला नेले, जोडणी तिथे केली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी उडवले.

मग आम्ही बाजू बदलली. (वडील अजून थोडे नाराज आहेत.) टेप मागवला. पंख आडवे टाकून त्यावर काही ठेवले की कड चेपते. भिंतीला तिरपे टेकवून महिनाभर सोडले तर हलके लाकूड ओल धरते आणि पीळ पडतो. पीळ पडलेला पंख विमानाला एका अंगाला ओढतो. म्हणून पंख उभा ठेवायचा, पुढची जाड कड खाली, मागची पातळ कड वर. आधार टोकांना नाही, आतल्या मजबूत फासळ्यांखाली, आणि पट्टी रुंद हवी, सुतळी रुतते. आईने जुन्या नऊवारीचे चार पदरी पट्टे शिवून दिले. भिंतीत चार हूक ठोकले. स्वयंपाकाची वाफ लागू नये म्हणून बाहेरच्या खोलीत, दिवाणाच्या वर. टिनाखाली ठेवायची सूचना आमचीच होती, पण मे महिन्यात तिथे थर्माकोल आणि गोंद टिकणार नाही हे मुलीने दाखवून दिले. आम्ही बी. कॉम., गप्प बसलो. स्क्रू-नटांसाठी औषधाच्या रिकाम्या डब्या, प्रत्येकीवर चिठ्ठी.

शेवटी दार मोजले. तीस इंच भरले. धडाला जोडायचे शेपूट छत्तीस इंच रुंद! त्याच रविवारी ते गोंदाने पक्के बसवायचे ठरले होते. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग आजोबाच आधी हसले. आता शेपूट बोल्टने लावायचे ठरले आहे. मैदानावर नेऊन, चार बोल्ट. आजोबा दिवाणावर परतले असून रोज सकाळी पट्ट्यांच्या गाठी तपासतात.