आधी जोडा, मग जर्सी

‘पायीची वहाण पायीच बरी’ असं म्हणत आपण पादत्राणांना कायम खालच्या पायरीवर ठेवलं. हॉस्टेलवर तर त्याहूनही खाली. आमच्या विंगची इनडोअर फुटबॉलची टीम ठरली तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये जर्सीचा रंग, पाठीवरचं नाव आणि दहा नंबर कुणाला यावर दीड तास भांडणं झाली. बुटांचा विषय मात्र एका वाक्यात आटोपला, “ज्याच्याकडे जे असेल ते घाला रे!”

आता कुणाकडे काय होतं बघा. दोघांकडे रनिंग शूज, एकाकडे मैदानावरचे स्टडवाले बूट, एकाकडे शाळेतले पी.टी.चे कॅनव्हास आणि माझ्या रूमपार्टनरकडे फक्त स्लीपर. मित्रधर्म म्हणून मी त्याला माझे जुने रनिंग शूज दिले. माझा नंबर नऊ, त्याचा आठ. “दोन मोजे घाल, बसतील,” हा सल्लाही माझाच. दुसऱ्या मॅचला त्यानं झटकन वळण घेतलं, बूट जागेवरच राहिला, आतला पाय फिरला आणि घोटा टम्म सुजला. लिगामेंटला मार बसला होता. पुढच्या आठवड्यात वायव्हाला तो भिंत धरून लंगडत गेला. मला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. हा लेख त्यातूनच आला.

आमचे एक सीनियर म्हणाले, “तुमचे लाड फार झालेत. आपले लोक अनवाणी खेळून जिंकलेत.” खरं आहे. 1911 साली मोहन बागाननं गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली तेव्हा त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपले बरेचसे खेळाडू बुटांशिवाय उतरले आणि फ्रान्सकडून जेमतेम 2-1 नं हरले. पण सर, ते गवत होतं, आणि त्या पायांना जन्माची सवय होती. आपले पाय बारा महिने स्लीपरमध्ये. आणि खाली टणक फरशी!

इनडोअर फुटबॉलचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार म्हणजे फुटसाल. 1930 मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी यांनी तो सुरू केला. पाच-पाच खेळाडू, छोटं कोर्ट, चार नंबरचा कमी उसळणारा बॉल. यात सरळ धावणं कमी. थांबणं, वळणं, आडवं सरकणं जास्त. घोळ इथेच होतो. रनिंग शूज बनतात सरळ पळण्यासाठी. त्यांची टाच जाड फोमची आणि उंच. पाय जमिनीपासून जितका वर, तितका आडव्या झटक्याचा मोमेंट आर्म मोठा. पेपरात हे गणित सोडवून मार्क घेतो, पायात मात्र विसरतो! स्टडवाल्यांची तऱ्हा वेगळी. मातीत रुतणारे स्टड फरशीवर रुतणार कुठे? नुसत्या टोकांवर उभं राहून घसरायचं. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा पुस्तकातला नियम रबर नीट पाळत नाही. त्याचा जितका भाग जमिनीला चिकटेल तितकी पकड चांगली. म्हणून इनडोअर बुटांचा सोल सपाट, पातळ, गम रबराचा आणि फरशीवर काळे ओरखडे न उठवणारा, म्हणजे नॉन-मार्किंग असतो.

घेताना काय बघायचं? संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना घालणार तेच मोजे न्या. दोन्ही पायांत घाला आणि मोठ्या पायाला बसेल तो नंबर घ्या. उभं राहून बोटं हलली पाहिजेत, पण पाय पुढे घसरता कामा नये. नाहीतर ब्रेक मारताना अंगठा आदळून नख काळं पडतं. टाच उचलली तर बूट सैल. पंजा रुंद असेल तर लांबीचा नंबर वाढवू नका, रुंद साच्याचा बूट शोधा. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मध्यावर नव्हे. “वापरून सैल होईल” या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नका. दुकानात चावणारा बूट कोर्टवरही चावतोच.

“एवढे पैसे कुठून आणू?” हा प्रश्न रास्त आहे. घरून येणाऱ्या पैशांत मेसचं बिल भागवताना दमछाक होते, हे मलाही ठाऊक आहे. पण महागडा ब्रँड लागतोच असं नाही. बॅडमिंटनचे गम सोलवाले बूट आडव्या हालचालींसाठीच बनतात, ते दोन्ही खेळांना चालतील. नाव छापलेली जर्सी यंदा राहू द्या, साध्या टी-शर्टवरही गोल होतो. आणि जिमखान्याला विनंती, की ट्रॉफीची उंची एक वीत कमी करा आणि सहा ते दहा नंबरचे दोन-दोन जोड घेऊन ठेवा. मोजे ज्याचे त्यानं आणावेत! तेच बूट घालून टपरीवर मात्र जाऊ नका. सोलला धूळ बसली की पकड गेलीच.

रूमपार्टनर या सेमिस्टरला पुन्हा कोर्टवर उतरला. पायात स्वतःचे, आठ नंबरचे बूट. निम्मे पैसे मी दिले. पाठीवर नाव नाही, नंबर नाही. पण आता वळताना त्याचा पाय आणि बूट एकाच दिशेला जातात.