जेट-स्की नंतर, आधी मैदान

गोसीखुर्दच्या पाण्यावर कोणी खेळायचं? जून २०२४ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी भंडाऱ्यात इथल्या जलपर्यटन प्रकल्पाचं भूमिपूजन केलं. प्रकल्प शंभर कोटींच्या घरातला. स्पीडबोट, जेट-स्की, पर्यटकांसाठी राहायची सोय, सगळं त्यात आहे. तेव्हापासून आमच्याकडे 'आता आपल्या जिल्ह्यात वॉटर स्पोर्ट्स' अशा रील्स फिरताहेत. माझं म्हणणं एवढंच, की 'स्पोर्ट्स' हा शब्द वापरायचा असेल, तर आधी इथली पोरं कुठे खेळतात ते बघा.

मी याच धरणाच्या एका पुनर्वसित गावठाणात वाढलो. आमच्याकडे पहाटे पाचला रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतात. ती हौशी मॅरेथॉनवाली नाहीत, पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. ज्या डांबरी रस्त्यावरून रेतीचे टिप्पर जातात, त्याच्याच कडेला ही तयारी चालते, अंधारात, मोबाइलच्या टॉर्चवर. महाराष्ट्राच्या १९९९च्या पुनर्वसन कायद्यात नव्या गावठाणाला द्यायच्या नागरी सुविधा लिहून ठेवल्या आहेत. शाळेसोबत खेळाचं मैदानही त्यात आहे. आमच्याकडे मैदान म्हणून दाखवलेल्या तुकड्यावर मुरूम आणि बाभळी आहेत. अर्ज दिले, पोच मिळाली, मैदान मिळालं नाही.

या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला आणि २००९ साली प्रकल्प 'राष्ट्रीय' झाला. ज्यांच्या बांधी, घरं आणि देवळं पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांना चार-पाच एकर सपाट जमीन मिळू नये, हे कोणत्या हिशोबात बसतं? चारशे मीटरचा ट्रॅक तेवढ्यात मावतो. आत कबड्डी आणि खो-खोची मैदानंही होतात. सिंथेटिक नको, रोलर फिरवलेली माती पुरे.

आता पाण्याचं बघू. या जलाशयाचा एक काठ उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. 'जय' वाघ ज्या जंगलात फिरायचा, ते हेच. हिवाळ्यात विदर्भाच्या जलाशयांवर चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय जमिनीवरच अंडी घालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पर्यटक येणार तेव्हाच हे पक्षी अंड्यांवर बसलेले असणार. बोटीच्या आवाजाने पक्षी उडाला, तर उघडी अंडी काही मिनिटांत उन्हाने तापतात, नाहीतर कावळे नेतात. शिकारीची गरजच नाही, एक गजबजलेला रविवार पुरतो.

'पण हे तर धरण आहे, निसर्ग कुठला?' असं कोणी म्हणेल. कायदाही जवळपास तेच म्हणतो. २०१७च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा करमणुकीसाठी माणसाने बांधलेले जलाशय 'पाणथळ' धरले जात नाहीत. नागपूरच्या फुटाळा तलावावरच्या कारंज्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने याच आधारावर तो तलाव नियमांखाली येत नाही असं मानलं. पण त्याच निकालात कोर्टाने आणखी एक गोष्ट सांगितली: सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व मानवनिर्मित पाण्यालाही लागू होतं. म्हणजे तलाव माणसाने बांधला म्हणून तो सरकारच्या खिशातला होत नाही, लोकांचाच राहतो. रील्समध्ये हा अर्धा भाग कधी येत नाही.

आणि मानवनिर्मित म्हणून हिणवायचं, तर आमच्या जिल्ह्याची ओळखच पुसावी लागेल. भंडारा तलावांचा जिल्हा आहे. इथले मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले. पाळ, पाणी सोडायचं तुडुम, जादा पाणी वाहून जायची सलंग, हे सगळं हातांनी घडलं. त्याच तलावांत धानाला पाणी, ढिवरांना मासे आणि पक्ष्यांना घर मिळालं. हे तलाव बिघडले तेव्हा भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर बायांनी बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासे-पक्षी परत आले. तलाव कसा राखायचा हे शिकवायला इथे बाहेरून कन्सल्टंट आणायची गरज नाही.

रोजगाराचा मुद्दा मी टाळत नाही. पोरांना काम हवंच आहे. पण जेट-स्कीचा ठेका कोणाला मिळेल आणि लाइफ जॅकेट वाटायला महिन्याच्या पगारावर कोण उभं राहील, हे आपण सगळे जाणतो. शिवाय एक प्रश्न नागपूरकरांसाठी आहे. तुमच्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, तेच या जलाशयात साचतं. काठाकाठाने जलपर्णी पसरते ती त्याच्यावरच. त्या पाण्यात सुट्टी घालवायला या म्हणण्याआधी ते पाणी साफ करायला नको का? आमच्या गावांनी ते कित्येक वर्षं विनातिकीट बघितलं आहे.

मग करायचं काय? जलपर्यटन बंद करा असं मी म्हणत नाही, क्रम बदला म्हणतो. आधी प्रत्येक दोन-तीन गावठाणांमागे एक मातीचं मैदान द्या. त्याच्या उताराला जुनी बोडी असेल तर ती तशीच ठेवा. 'सुशोभीकरण' म्हणून तिला दगडी भिंत बांधू नका. बगळे आणि चिखलपक्षी उथळ काठावरच चरतात, उभी भिंत झाली की त्यांचं ताट गेलं. मैदानाचे दिवे पाण्याकडे तोंड करून लावू नका आणि रात्री ठरल्या वेळी बंद करा. पावसाचं पाणी गवतातून बोडीत जाऊ द्या. खेळणारी पोरं आणि पाणकोंबड्या शेजारी राहू शकतात, फक्त आखणी करणाऱ्याला दोघंही दिसायला हवीत.

मोठ्या जलाशयात अभयारण्याच्या बाजूचं पाणी इंजिनमुक्त करा. फेब्रुवारी ते जून बेटांवर कोणालाही उतरू देऊ नका. बाकीच्या भागात बोटी चालवायच्या तर त्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना द्या. कुठे खडक आहे, कुठे बुडालेली झाडं आहेत, हे त्यांनाच ठाऊक आहे.

तुमच्या गावाचा ग्रामसभेचा ग्रुप मोबाइलवर असेलच. १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा आणि दोनच ठराव मांडा: मैदानाच्या जमिनीची मोजणी आणि बोडीची हद्द. ठरावाची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. शंभर कोटींच्या प्रकल्पाला आपण थांबवू शकू की नाही, कोण जाणे. पण आपल्या गावठाणाच्या नकाशात मैदान आणि तलाव दोन्ही कुठे आहेत, हे विचारण्यापासून आपल्याला कोणी अडवू शकत नाही.