नळीतील सत्य आणि घरातील मौन

अमेरिकेत गेली काही वर्षे नाताळची भेट म्हणून एक लहानशी पेटी दिली-घेतली जाते. तीत प्लास्टिकची एक नळी असते. नळीत थोडी लाळ घ्यावयाची, झाकण लावून ती टपालाने प्रयोगशाळेकडे धाडावयाची. काही आठवड्यांत आपले पूर्वज कोणत्या प्रदेशांतले, याचे उत्तर टक्केवारीसह संगणकावर हजर होते. येथवर सारे कौतुकाचेच. पण त्याच उत्तरासोबत आणखी एक यादी येते. ज्यांच्या डीएनएचा काही भाग आपल्याशी जुळतो, अशा चाचणी केलेल्या व्यक्तींची ही यादी असते. अनेक घरांची झोप उडते ती या यादीने.

डॅनी शपिरो या ख्यातनाम अमेरिकन लेखिका परंपरानिष्ठ ज्यू कुटुंबात वाढल्या. २०१६ साली त्यांनी सहज म्हणून ही चाचणी केली. त्यांचा वंश जेमतेम अर्धा ज्यू निघाला आणि वडिलांच्या आधीच्या विवाहातील बहिणीशी त्यांचे रक्ताचे नातेच नाही, असे दिसून आले. आईवडिलांनी अपत्यासाठी फिलाडेल्फियातील एका संस्थेत उपचार घेतले होते; एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या वीर्यदानातून आपला जन्म झाला, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळले. विचारावे तरी कोणाला? आई आणि वडील दोघेही हे जग सोडून गेले होते. हा सारा प्रवास त्यांनी २०१९ साली पुस्तकरूपाने मांडला.

इंडियानापोलिस येथील प्रकरण तर विश्वासघाताचेच. तेथील डॉ. डोनाल्ड क्लाइन यांनी अपत्यासाठी आलेल्या स्त्रियांवर उपचार करताना त्यांच्या नकळत स्वतःचेच वीर्य वापरले. अशाच चाचण्यांतून एकेक भावंड समोर येत गेले आणि ही संख्या नव्वदीच्या पलीकडे पोहोचली. तरीही शिक्षा झाली ती केवळ तपासात खोटे बोलून अडथळा आणल्याबद्दल, आणि तीही स्थगित. अशा फसवणुकीला गुन्हा ठरवणारा कायदाच त्या राज्यात नव्हता. तो २०१९ मध्ये झाला.

अर्थात, मौन पाळणारा प्रत्येक जण फसवणूक करणारा नव्हे. वंध्यत्व हा कलंक मानला जात होता, तेव्हा ‘कोणालाही सांगू नका’ असा सल्ला डॉक्टरच देत. आईवडिलांनी तो मुलाच्या प्रेमापोटीच पाळला. पण ज्याच्या जन्माविषयी हे वचन दिले गेले, त्याला कोणी विचारले होते? पुढे तोच मुलगा डॉक्टरसमोर बसून, वडिलांना मधुमेह होता का, हृदयविकार होता का, या प्रश्नांची आयुष्यभर चुकीची उत्तरे देत राहतो. हे गुपित त्याच्या प्रकृतीशी निगडित आहे, नुसत्या भावनेशी नव्हे.

शिवाय हे गुपित आता टिकणारेही नाही. आपण चाचणी केली नाही, तरी कोठल्या तरी चुलतभावाने किंवा भाच्याने ती केलेली असते आणि दुवे जुळत जातात. इंग्लंडने हे ओळखले. १ एप्रिल २००५ पासून तेथे नोंदलेल्या दात्यांच्या अपत्यांना अठराव्या वर्षी दात्याची ओळख मागता येते. भारतातील २०२१ च्या कायद्याने एका दात्याचे बीज एकाहून अधिक दांपत्यांना देण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. पण मुलाला त्याच्या जन्माची हकीकत कोणी आणि कधी सांगावी, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. ते काम घराचेच.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाने गुरूकडे जाण्यापूर्वी आईला आपले गोत्र विचारले. जबालेने बनावट गोत्र रचले नाही. ते आपल्याला ठाऊक नाही, असे तिने मुलाला सरळ सांगितले. त्यानेही तेच गौतमांना सांगितले, आणि त्या सत्यनिष्ठेवरच गौतमांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. या कथेत सत्यकामाचा गौरव होतो. जबालेचे धैर्य मात्र दुर्लक्षित राहते. मुलगा गुरूसमोर निर्भयपणे उभा राहू शकला, कारण घरात त्याला खरे सांगितले गेले होते.

सांभाळ करणाऱ्याचे पितृत्व कोणतीही नळी हिरावून घेत नाही. सारे कळल्यानंतरही शपिरो यांनी ज्यांच्या हाताखाली त्या वाढल्या, त्यांनाच वडील मानले. पण हे सत्य परक्या प्रयोगशाळेकडून कळण्यापूर्वी आईवडिलांच्या तोंडून कळणे, हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. आईवडील हयात असताना प्रश्न विचारता येतात, रागावता येते आणि क्षमाही करता येते.