गाड्या बोलतील हो, पण उसाची ट्रॉली मुकीच राहणार!

गाडीच आता गाडीशी वायरलेसवर बोलणार, मग अपघात थांबणार म्हणे. 'व्ही-टू-व्ही' आपल्याकडेही आणू, असं केंद्र सरकार सांगतंय.

तंत्रज्ञान खोटं नाही, हे आधीच सांगतो. प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक दाबलाय का, हे सेकंदाला १० वेळा तीनेकशे मीटरमधल्या गाड्यांना कळवते. वळणापलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही, रेडिओला बऱ्याचदा कळतं.

पण बोलायला दोघं लागतात! समजा, १०० पैकी १० गाड्यांत हे यंत्र आहे. मग समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता किती? शंभरात एक. बाकी ९९ वेळा दोघांत बोलणंच नाही.

अमेरिकेने १९९९ साली यासाठी ७५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम राखून ठेवला. २०१६ मध्ये नव्या मोटारींना सक्तीचा प्रस्ताव आला, तो लागूच झाला नाही. २०२० मध्ये त्यातला ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायला देऊन टाकायचं ठरलं. वीस वर्षं गेली, गाड्या काही बोलल्या नाहीत.

आता आपलं बघा. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची, २० टक्क्यांच्या आसपास पायी चालणारी. यांच्याशी कोणती गाडी बोलणार?

आणि गळीत हंगामातली रात्र आठवा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. गाणी मात्र फुल्ल आवाजात. टायर फुटला की चाकाला दगड लावून रस्त्यातच उभा. ट्रॅक्टर गेला तरी दगड तिथेच!

माझा विरोध यंत्राला नाही, क्रमाला आहे. आधी एसटी, ट्रक, टँकर आणि उसाच्या ट्रॅक्टरला बसवा. बंद पडला तरी 'मी इथे उभा आहे' असं मागच्याला ओरडून सांगेल असं बसवा. खर्च वाहतूकदाराच्या बोडक्यावर नको, कारखान्याने आणि सरकारने उचलावा.

आणि तोवर? रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊच नका. याला स्पेक्ट्रम लागत नाही, हिंमत लागते. कारखान्याचे संचालक कोण आणि मतं मागायला येणारे कोण, हे मी सांगायला नको.

यंदा गव्हाण पूजनाला साहेब आले की एवढंच विचारा: साहेब, मागच्या ट्रॉलीला लाल दिवा कधी?